थांबलेले माग आणि चौकटीबाहेरचा माणूस

पोलादपूर तालुक्यातील एका बौद्धवाडीत, मुंबईच्या गिरणीत हयात घालवलेल्या एका कामगाराच्या घरी, भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एक जुने छायाचित्र चौकटीत लावलेले आहे. गिरणीचे विणकामखाते. मागांच्या दोन रांगा, मध्ये मोकळी वाट, वरच्या काचांतून उतरलेला उजेड. माणूस एकही नाही. खाली शाईने लिहिले आहे : 'कोयनेची लाईट बंद. डिसेंबर १९६७.'

प्रस्थापित अभिरुचीचा समीक्षक या चित्रात छायाप्रकाशाचा खेळ पाहील, यंत्राच्या निश्चलतेवर दोन परिच्छेद लिहील. ते सारेच खोटे ठरणार नाही. पण छायाचित्र दृश्य देते, कारण देत नाही. शाईची ओळ झाकली, तर हेच चित्र १९८२ च्या संपाचे म्हणून खपेल, किंवा त्यानंतर कायमची बंद झालेल्या एखाद्या गिरणीचे. भूकंप, कामगारांचा लढा आणि मालकाचा हिशेब, तिन्हींचे चित्र एकसारखेच! म्हणून त्याचा अर्थ चौकटीबाहेर जाऊनच लावावा लागतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. वीजकेंद्र बंद पडले आणि मुंबईच्या उद्योगांची वीज तुटली. पोलादपूरच्या डोंगरापलीकडेच शिवसागर आहे. धरणासाठी गावे उठली ती तिकडची, वीज गेली ती मुंबईला, आणि मुंबईच्या गिरण्यांत राबायला माणसे गेली ती इकडच्या वाड्यावस्त्यांतून. चित्रातली शांतता या तीन वाटांनी आलेली आहे. चित्रात मात्र एकही वाट दिसत नाही.

माग थांबले तेव्हा कुणाचे काय थांबले? त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात विजेच्या टंचाईमुळे काम देता न येणे ही 'ले-ऑफ'मध्ये मोडणारी गोष्ट होती. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कायम कामगाराला त्या दिवसांचा निम्मा मूळ पगार व महागाई भत्ता मिळण्याची तरतूद होती. बदली कामगार त्यातून वगळलेला. वर्ष भरले तरच त्याची गणना होई. ज्याने ही चौकट लावली, तो त्या काळी कताईखात्यात बदलीच होता. यंत्राला विश्रांती मिळाली, त्याला उपास घडला. यंत्राच्या विश्रांतीचे छायाचित्र निघते, उपासाचे निघत नाही.

आणि खाते कोणते, हेही पाहिले पाहिजे. धोट्यात नवी कांडी भरताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. या एका कारणावरून अस्पृश्यांना जास्त मजुरीच्या विणकामखात्याची दारे बंद होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे ज्या मागांच्या रित्या वाटेवर आपण हळहळतो, तेथे वीज वाहत असतानाही एका पिढीला मज्जाव होता. ती वाट विजेने नव्हे, जातीने रिती केली होती. विद्युत्प्रवाह तुटल्याची नोंद होते. विटाळाची नोंद कुठल्या मीटरवर होते?

१९२७ हे साल आपण चवदार तळ्यामुळे विसरत नाही. त्याच साली, याच जिल्ह्यात, भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. मुळशीच्या शेतकऱ्यांची जमीन बुडवून अडवलेले पाणी सह्याद्री उतरून मुंबईसाठी वीज करू लागले. पाण्यातून गिरणी चालवण्याचे शास्त्र आले होते, पण महाडात माणसाने ओंजळभर पाणी घेतले म्हणून डोकी फुटत होती. आधुनिकता यंत्रापर्यंत पोचली, माणसापर्यंत पोचायची राहिली.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या आरंभी तीन दिवसांचा कामाचा आठवडा लादला गेला. मेणबत्तीच्या उजेडात काम करणाऱ्या माणसांची तेव्हाची छायाचित्रे जगभर गेली. त्यांत निदान माणूस आहे. पण ज्याच्या मजुरीच्या भांडणातून तो अंधार आला, तो खाणकामगार त्यांतही नाही. चौकट कुठलीही असो, श्रमिकाला बाहेर ठेवण्याची तिची खोड जुनीच आहे.

मग हे चित्र टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. त्याचे खरे मोल त्या शाईच्या ओळीत आहे. छायाचित्रकाराने यंत्र पाहिले. कामगाराने कारण आणि साल लिहिले, आणि ते आपल्या दैवतांच्या शेजारी टांगले. दृश्य दुसऱ्याचे, साक्ष त्याची. दलित साहित्याने आत्मकथनांतून जे केले, तेच या माणसाने पाच शब्दांत केले आहे. त्याला कुणी लेखक म्हणणार नाही, आपण म्हणावे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत आज कंत्राटावर जाणारी मुले आमच्या वर्गात बसतात. कारखाना बंद असलेल्या दिवशी तुमच्या हाती किती पडते, हा प्रश्न त्यांनी एकमेकांना विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावे. पुढचे छायाचित्र कुणीतरी काढीलच. त्याखालची ओळ मात्र त्यांनाच लिहावी लागेल.