देवाचें नांव आणि स्त्रीचें माणूसपण

अन्याय करणारें घर सोडून जाणें सोपें नाहीं. परंतु त्याच घरांत राहून वडीलधाऱ्यांस त्यांच्याच पोथीचा आधार दाखवून जाब विचारणें त्याहूनहि अवघड होय. अमेरिकन ईश्वरशास्त्रज्ञ रोझमेरी रॅडफर्ड रुदर (१९३६–२०२२) यांनीं हा दुसरा मार्ग पत्करला. त्यांच्या समकालीन मेरी डेली यांनीं चर्चचा त्याग केला. रुदरबाई मात्र अखेरपर्यंत कॅथॉलिकच राहिल्या. त्यांचा 'सेक्सिझम अँड गॉड-टॉक' (१९८३) हा ग्रंथ वाचतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे.

बाईंची विद्या जुन्या वळणाची होती. क्लेअरमाँट येथें १९६५ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली ती नाझियान्झसचे ग्रेगरी या चौथ्या शतकांतील धर्मपित्यांच्या अभ्यासावर. त्याच वर्षीं मिसिसिपींत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठीं त्यांनीं काम केलें व पुढें सुमारें दहा वर्षें हॉवर्ड विद्यापीठांत अध्यापन केलें. ग्रंथालय आणि रस्ता या दोन्ही ठिकाणचें शिक्षण त्यांच्या लेखनांत दिसतें.

ग्रंथाचें मुख्य सूत्र असें कीं, स्त्रीच्या पूर्ण माणूसपणास जें बाध आणतें तें ईश्वरी नव्हे. ही कसोटी बाहेरून आणलेली आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यावर बाईंचें उत्तर मार्मिक आहे. गरिबांस चिरडून यज्ञ व उत्सव करणाऱ्यांचा आमोस, यशया या संदेष्ट्यांनीं देवाच्याच नांवानें धिक्कार केला; येशूनें तोच वारसा चालविला. म्हणजे शास्त्रच शास्त्राची झडती घेतें. संदेष्ट्यांनीं ही कसोटी स्त्रियांच्या बाबतींत लावली नाहीं, हें बाई लपवीत नाहींत. ती तेथवर नेणें हेंच त्या आपलें काम समजतात.

याहून उद्बोधक आहे तो देवाच्या नांवाचा विचार. देवास 'पिता' न म्हणतां 'माता' म्हणावें, एवढ्यानें बाईंचें समाधान होत नाहीं. आईबापांची उपमा भक्तास कायमचें मूल करून ठेवते, असें त्या बजावतात. विठ्ठलास 'माउली' म्हणणाऱ्या आम्हांस हें विशेष झोंबतें. देव माउली झाला म्हणून घरांतल्या माउलीचे दिवस पालटले, असें आम्हांस छातीठोकपणें म्हणतां येईल काय?

ग्रंथांत उणेपणा आहे. बायबल, पाखंडी ठरलेले पंथ, प्राचीन मूर्तिपूजक धर्म, मार्क्सवाद अशीं अनेक साधनें बाई एकत्र आणतात; त्यांतील परस्परविरोध मिटतोच असें नाहीं. तसेंच 'स्त्रियांचा अनुभव' ही कसोटी मानली, तर मालकीण व मोलकरीण यांच्या अनुभवांत तंटा पडल्यास निवाडा कोणीं करावा? बाईंस या भेदाची जाणीव आहे. पण त्यांचें सूत्र येथें अपुरें पडतें, असें आमचें मत आहे.

स्त्रियांस धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा चर्चला अधिकारच नाहीं, असें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९४ सालीं जाहीर केलें. २००८ सालीं एका कॅथॉलिक विद्यापीठानें बाईंस देऊं केलेलें सन्मानाचें अध्यासन परत घेतलें. तरीहि त्यांनीं घर सोडलें नाहीं. यास कोणी हट्ट म्हणेल. आम्ही निष्ठा म्हणूं. कारण घर आपलें आहे असें ज्यास वाटतें, तोच त्याच्या डागडुजीसाठीं एवढें भांडतो.