मान दिसते, स्क्रीन दिसत नाही

दिवाळीत नांदेडला घरी गेलो होतो तेव्हा एका कविसंमेलनाला जाऊन बसलो. अकरा कवी होते, त्यातल्या चौघांनी मोबाईलवर कविता वाचली. चौघांपैकी तिघांनी तर ती मोबाईलवर बघूनच वाचली. समोर प्रेक्षकांत निम्मे लोक शूटिंग करत होते. सूत्रसंचालकाने यावर विनोद केला, लोक हसले, कवीही हसला. ही विसंगती सगळ्यांनाच दिसते, त्यामुळे तिच्यावर आणखी काही लिहिण्यात मला रस नाही. मला खटकलं ते वेगळंच. त्या चार कवितांची कडवी एकमेकांत मिसळली असती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. कवींच्यासुद्धा.

या कवितांचं, आणि त्याच कुळातल्या लेखांचं, पथनाट्यांचं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराचं एक ठरलेलं सामान आहे. पार ओस पडलाय. आजीची गोष्ट ऐकायला कुणी नाही. नवरा-बायको पलंगाच्या दोन टोकांना. जेवणाच्या टेबलाशी चार माणसं आणि चार फोन. (लातूर-नांदेडच्या किती घरांत जेवणाचं टेबल आहे? आमच्याकडे अजून भिंतीला टेकून ताट पुढ्यात घेतात. हे टेबल कुठल्यातरी व्यंगचित्रातून उचललंय, कवीने ते स्वतःच्या घरात मांडून बघितलेलं नाही.) अपघातात पडलेल्या माणसाभोवती व्हिडिओ काढणारी गर्दी. आणि या सगळ्यांवर एकच खूण: खाली वाकलेली मान.

मान दिसल्यावर आपला लेखक थांबतो. त्या माणसाच्या मागे उभं राहून, खांद्यावरून डोकावून, तो नेमकं काय बघतोय हे पाहत नाही. खरं तर डोकावणं हेच लेखकाचं काम. या लिखाणात फोन आहे, पण त्याच्यात काहीच नाही. ॲप नाही, डेटा संपल्याचा मेसेज नाही, तडा गेलेली काच नाही, सोयाबीनचा भाव नाही, आलेला किंवा न आलेला ओटीपी नाही. काळी पाटी हातात धरून माणसं तिच्याकडे टक लावून बसलीयत, असं ते चित्र.

याचं मूळ मला शाळेतल्या निबंधात दिसतं. ‘मोबाईल: शाप की वरदान’ हा निबंध लिहिल्याशिवाय आपल्याकडे कुणी दहावी झालेलं नाही. पहिला परिच्छेद विज्ञानयुगाचा, दुसरा फायद्यांचा, तिसरा तोट्यांचा, मग ‘अति तेथे माती’, आणि शेवटी ते हमखास वाक्य: वापर आपल्या हातात आहे. मी स्वतः हे वाक्य लिहून गुण मिळवलेत. पुढे इंजिनिअर झालो, ॲप बनवायच्या कामाला लागलो, तेव्हा कळलं की आख्ख्या निबंधात सगळ्यात कमी खरं वाक्य तेच होतं. फोन आपल्या हातात असतो. तो कधी वाजेल, उघडल्यावर आधी काय दिसेल, बंद करावासा वाटण्याच्या क्षणी पुढे काय सरकेल, हे ठरवायला दुसरीकडे पगारी माणसं बसलेली असतात.

लातूर हे खरं तर या विषयाचं माहेरघर व्हायला हवं होतं. ऐंशीच्या दशकाअखेरीस राजर्षी शाहू महाविद्यालयात आकाराला आलेला ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे तरी काय? जादा तास, चाचणीमागून चाचणी, आणि मुलांचं लक्ष दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही, ही शिस्त. आज तिथल्या ट्यूशन एरियात, किंवा त्याच वाटेने गेलेल्या आमच्या नांदेडात, अभ्यासिकेतल्या एका खुर्चीचं महिन्याचं भाडं भरावं लागतं. तीन बाजूंनी प्लायवूड, वर एक दिवा, बाहेर चपलांची रांग. लक्ष एका जागी राहावं म्हणून जिथे जागा भाड्याने घेतात, त्या शहरात लक्ष कुठे जातं याची गोष्ट लिहिणारा कुणी नसावा, याचं मला नवल वाटतं.

माझी मावसबहीण दोन वर्षं लातूरला नीटची तयारी करत होती. ती राहायची तिथल्या नियमात फक्त बटणांचा फोन बसत होता. पण क्लासच्या चाचणीचे गुण, उत्तरतालिका, सुट्टीची सूचना, शंका विचारायचा ग्रुप, हे सगळं यायचं स्मार्टफोनवर. त्यामुळे तिच्याकडे दोन फोन होते, एक नियमासाठी आणि एक अभ्यासासाठी. एकदा तिला भेटायला गेलो तेव्हा मी ती डोकावण्याची आगाऊ गोष्ट केली. रात्री फोनवर काय बघतेस, असं विचारलं. तिने लपवाछपवी न करता फोन माझ्या हातात दिला.

त्यात नाचगाणी नव्हती, मुलं नव्हती, सिनेमाही नव्हता. त्यात अभ्यास होता. म्हणजे अभ्यास करणाऱ्या इतर मुलामुलींचे व्हिडिओ. पहाटे चारला उठणारी एक मुलगी, तिची रंगीत वही, तिचं घड्याळ. ‘माझ्यासोबत अभ्यास करा’ म्हणत दोन तास कॅमेऱ्यासमोर गप्प बसलेला एक मुलगा. गेल्या वर्षीच्या टॉपरचा दिनक्रम. शेवटच्या साठ दिवसांत काय करावं, मग शेवटच्या तीस दिवसांत काय करावं. ती हे सगळं अर्धा-पाऊण तास बघायची आणि खाली ठेवताना तिला अभ्यास केल्यासारखं वाटायचं. तेवढ्यात मावशीचा फोन यायचा, ‘काय करायलीस?’ ‘अभ्यास करायले.’ खोटं बोलतेय असं तिला वाटत नसे, आणि ती बोलतही नव्हती.

आपल्या कवितांना हे दिसत नाही, कारण त्यांच्या जगात एका बाजूला पुस्तक असतं आणि दुसऱ्या बाजूला मोबाईल. तिच्या जगात मन भरकटवणारी गोष्टच अभ्यासाचे कपडे घालून आली होती. अशा वेळी ‘मोबाईल सोड, पुस्तक धर’ हा उपदेश कोणत्या मोबाईलला उद्देशून आहे?

त्या फोनवर आणखी एक गोष्ट होती. एका अभ्यासाच्या ॲपवर तिची एक्केचाळीस दिवसांची साखळी झाली होती. रोज किमान एक प्रश्न सोडवला की आकडा वाढतो, एक दिवस चुकला की शून्य. भाषा शिकवणाऱ्या डुओलिंगोने ही युक्ती जगभर लोकप्रिय केली आणि मग सगळ्यांनी उचलली. रात्री उशिरा तिला मेसेज यायचा की साखळी तुटायला आलीय. ती झोपेतून उठून ॲप उघडायची, प्रश्न न वाचता चारपैकी एका पर्यायावर बोट ठेवायची आणि पुन्हा झोपायची. अंगात ताप असतानाही तिने हे केलं होतं, आणि ते मला थोडं अभिमानाने सांगितलं.

मी काही बोललो नाही. पुण्यात तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे, दुसऱ्या एका ॲपसाठी, मी हेच बनवलं होतं. आठवणीचा मेसेज किती वाजता पाठवावा यावर आम्ही प्रयोग केला होता. निम्म्या लोकांना नऊ वाजता, निम्म्यांना अकरा वाजता. अकरावाले जास्त परत आले, म्हणून अकराची वेळ कायम झाली. तो बदल माझ्या हातून सगळ्यांच्या फोनवर गेला. पलीकडचं लेकरू अकराला झोपलेलं असायला हवं का, हा प्रश्न त्या बैठकीत निघाला नाही. मीही काढला नाही. त्या दिवशी ऑफिसात समोसे मागवले होते, एवढं आठवतं.

कवीला ती म्हणजे एक वाकलेली मान, आणि आम्हाला आलेखावरचा एक ठिपका. यातल्या दुसऱ्या दोषाचा वाटेकरी असल्यामुळे पहिल्या दोषावर बोलताना जीभ थोडी अडखळते, पण गप्प बसायचं कारण मला त्यात दिसत नाही. उलट, आमच्या धंद्यातल्या या खुब्या मराठी लेखकाला माहीत असायला हव्यात, सावकाराच्या वहीतली कलमं पूर्वीच्या लेखकाला माहीत असत तशा. अंतहीन स्क्रोल घ्या. अझा रास्किन नावाच्या माणसाने २००६ मध्ये त्याची रचना केली आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंतही व्यक्त केली. पानाचा तळच काढून टाकायचा, एवढीच कल्पना. पेपराला शेवटचं पान असतं, कीर्तन आरतीवर संपतं, एसटीला शेवटचा थांबा असतो. शेवट नसलेल्या गोष्टीपुढे बसलेल्या माणसाला ‘आवर’ म्हणणं म्हणजे काय, यावर एक चांगली कथा होऊ शकते.

गंमत अशी की माझ्या मते या विषयावरचं अलीकडचं सगळ्यात नेमकं मराठी लिखाण कवींनी नाही, गावांनी केलंय. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही आणि फोन बंद, साडेआठला पुन्हा वाजला की चालू. आमच्या बाजूला, लातूरहून फार लांब नसलेल्या उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही त्याच वर्षी मुलांच्या अभ्यासासाठी संध्याकाळचे दोन तास असेच बाजूला काढले. आणि पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला.

हे निर्णय मी मजकूर म्हणून शेजारी ठेवून वाचतो तेव्हा त्यांतला फरक लगेच दिसतो. बान्सीच्या ठरावात मान फक्त लेकरांची आहे. मोठ्यांना त्यातून सूट. आपल्या कवितांचीही दृष्टी तीच: बिघडलेली नेहमी पुढची पिढी, लिहिणारा त्यातून वगळलेला. वडगावचा भोंगा मात्र वय विचारत नाही. सातची मालिका बघणारी आजी, पत्त्याऐवजी रमीच्या ॲपवर बसलेला बाप, सगळ्यांचे दिवे एकदमच विझतात. शिवाय तिथे कुणाला पापी ठरवलेलं नाही, फक्त वेळ ठरवलीय. ज्या गोष्टीला शेवट नाही तिला गावाने बाहेरून शेवट लावला. दीड तासाचाच, पण लावला. हे भोंगे किती वर्षं टिकतात हा वेगळा प्रश्न. कल्पनेला दाद द्यायला मी तेवढं थांबणार नाही.

वर्गातल्या फोनबद्दलही असंच डोकावून बघायला हवं. ‘मोबाईलमध्ये रमलेले गुरुजी’ हे पथनाट्यातलं ठरलेलं हशा पिकवणारं पात्र. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी मान खाली घालून काय करतात, तर पुष्कळदा आज किती मुलांनी खिचडी खाल्ली याचा आकडा भरत असतात, कारण तो रोजच्या रोज ऑनलाइन जावा लागतो. नेट नसलं तर खिडकीशी, तिथेही नसलं तर शाळेच्या गच्चीवर. दुसरीकडे मुलांच्या पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापलेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यात या कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. म्हणजे पुस्तक म्हणतं फोन आण, भिंतीवरची पाटी म्हणते आणू नको. या दोन वाक्यांच्या मधे उभ्या असलेल्या सातवीतल्या मुलावर मला अजून एकही कविता सापडलेली नाही.

गुरुजी रील बघतच नाहीत असं मी म्हणत नाही. बघतात. मीही बघतो, हा लेख लिहिताना चार वेळा उठून बघितलेत. फोनची वकिली मला करायची नाही. फोनने काय केलं हे सांगणारं लिखाण फोनइतकंच बारकाईने झालेलं हवं, एवढंच मागणं आहे.

त्या कविसंमेलनाहून घरी परतलो तर शेजारच्या ओसरीवर एक मुलगा फोनमध्ये तोंड खुपसून बसला होता. आठ-नऊ वर्षांचा. मुखेडकडचा, आई-बाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले, तो आजीपाशी राहिलेला. त्या चार कवींपैकी कुणी रस्त्यावरून बघितलं असतं तर पाचवी कविता तयार होती. मी जवळ गेलो. व्हिडिओ कॉल चालू होता. पलीकडे अंधार, फडाजवळची खोपी, बॅटरीच्या उजेडात आईचा अर्धा चेहरा. पोराने आईला वही दाखवून झाली, मग फोन आजीकडे दिला. आजीने तो सवयीने कानाला लावला, त्यामुळे तिकडे लेकीला म्हातारीचा नुसता कान दिसत राहिला. पोराने तिचा हात धरून फोन समोर आणला.

‘आज्जी, कान नको दाखवू. तोंड दाखव.’