ध्वनिफितींतील रसिकता

अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाचे चाहते मैफली ध्वनिमुद्रित करीत व फिती एकमेकांस विनामूल्य देत. १९८४ साली वृंदाने अशा मुद्रकांसाठी स्वतंत्र जागाच राखून ठेवली. कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ ची मैफल याच देवघेवीतून कीर्तीस पोहोचली. २०११ सालच्या अमेरिकी राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत तिला स्थान मिळाले. तरीही ‘कोणती रात्र श्रेष्ठ?’ हा या चाहत्यांचा आवडता वाद आम्हांस अपुरा वाटतो. वादन उत्स्फूर्त असल्याने तेच गीत दोन रात्री निराळे होई. ते कोठे व कसे पालटले हे सांगणे, ही खरी समीक्षा. तारखांची जंत्री म्हणजे रसिकता नव्हे. मात्र ऐकलेले दुसऱ्याच्या हाती निरपेक्षपणे ठेवल्यावाचून रसिकता वाढत नाही, हे या मंडळींनी दाखवून दिले, हे मान्य केलेच पाहिजे.