चित्रपट आणि पदवी

चित्रपट हा पदवीचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतून अजून विचारला जातो. ‘ह्या पदवीनें पोट भरेल काय?’ ही पालकांची चिंता उपहासास पात्र नाहीं. परंतु पदवीनें दिग्दर्शक घडतो, हें तीत गृहीत धरलेलें असतें. १९३६ सालीं ‘संत तुकाराम’ निर्माण करणारे दामले-फत्तेलाल आपली विद्या शिकले तें कोल्हापुरांत, बाबुराव पेंटरांच्या हाताखालीं. कसब असेंच येतें. आणि तें शिकविण्यासाठीं पुण्यास प्रभातच्याच जागेंत १९६० पासून स्वतंत्र संस्थाही आहे.

मग महाविद्यालयानें शिकवावें काय? पाहावयास! वाङ्मयाची पदवी कवि घडवीत नाहीं, वाचक घडविते. ‘तुकारामा’ंत मुलाच्या आजारानें संतापलेली जिजाई वहाण घेऊन विठोबापुढें उभी राहते. प्रेक्षक हंसतो, आणि त्याच क्षणीं त्याचें अंतःकरण हेलावतें. हें कशानें साधलें, तें उलगडून सांगतां येणें हीच खरी विद्या. जेथें यंत्रांचे तास पुष्कळ आणि जुन्या बोलपटांचें दर्शन नाममात्र, तेथील पदवी पोकळ होय.

१९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’चा आज कांहीं अंशच उरला आहे. ज्याची पारख नाहीं, तें जपलें जात नाहीं. यंत्रें तर लवकरच जुनीं होतात; पारखी नजर मात्र शिक्षकास, वकिलास, संपादकासही जन्मभर पुरते. पालकांनीं पाठ्यक्रम चाळतांना एवढेंच पाहावें, कीं ती नजर तेथें मिळते काय.