दुष्काळाची आठवण बियाण्यात उतरते का?

दुष्काळ सोसलेली वनस्पती आपला अनुभव बियांमार्फत पुढच्या पिढीला देते, अशा आशयाचे लेखन अलीकडे वारंवार वाचनात येते. वर्गात हे सांगितले की मुलेही कान टवकारतात. पण याच मुलांना आपण लॅमार्कचा जिराफ शिकवतो आणि उपार्जित गुण संततीत उतरत नाहीत, असे बजावतो. एखादा चौकस विद्यार्थी उठून विचारेल, ‘‘सर, मग खरे काय?’’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ‘आठवण’ या एका शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी दडपल्या जातात, ते पाहू.

पाणी कमी पडले की पानांत अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढते, पर्णरंध्रे मिटतात, वाढ मंदावते. एकदा असा ताण सोसलेले रोप दुसऱ्या वेळी काही बाबतींत वेगळा प्रतिसाद देते, हेही दिसून आले आहे. पण ही झाली एकाच रोपाच्या आयुष्यातील गोष्ट. आपला प्रश्न संततीचा आहे. संतती वेगळी निघाली, तर त्याची निदान तीन कारणे असू शकतात.

पहिले कारण आईची शिदोरी. बी आईच्या अंगावर पोसते. त्याचे टरफल आईच्याच ऊतींचे असते आणि आतला अन्नसाठाही तिच्याकडूनच येतो. ताणात वाढलेल्या आईचे बी लहानमोठे झाले, तर रोपाची सुरुवातच वेगळी होते. यात स्मृतीचा काही संबंध नाही.

दुसरे कारण निवड. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात २००० ते २००४ या काळात अवर्षण पडले. तेथील रानमोहरीचे १९९७ साली गोळा केलेले बी आणि २००४ साली गोळा केलेले बी संशोधकांनी एकत्र वाढवले. साठवणुकीचा व आईच्या परिस्थितीचा परिणाम पुसला जावा म्हणून मधे एक पिढी सारख्याच परिस्थितीत घेतली. अवर्षणानंतरच्या मोहरीला एका ठिकाणी १.९ दिवस, तर दुसऱ्या ठिकाणी ८.६ दिवस लवकर फुले आली. मोहरी काही शिकली होती का? नाही. उशिरा फुलणाऱ्यांचे बी कमी धरले, लवकर फुलणाऱ्यांचे उरले, एवढेच. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. नैसर्गिक निवड शिकवताना जिराफापेक्षा हे उदाहरण कितीतरी सरस आहे.

ही दोन कारणे वगळून जे उरेल, त्यालाच वारसा म्हणता येईल. असे काही उरते का?

सोनिया सुलतान व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिगोनम वंशातील दोन वर्षायू तणांवर केलेले प्रयोग या बाबतीत महत्त्वाचे आहेत. २००९ च्या प्रयोगात पर्सिकारिया या जातीच्या ताण सोसलेल्या पालकांच्या रोपांनी कोरड्या मातीत अधिक लांब मुळे धरली. पुढे २०१२ मध्ये आजीने सोसलेल्या ताणाचाही परिणाम नातरोपांत दिसला. २०१६ मध्ये डीएनएवरील मिथिल गट कमी करणारे रसायन वापरले, तेव्हा ताण सोसलेल्या पालकांच्या रोपांना मिळणारा हा फायदा नाहीसा झाला. म्हणजे अक्षरे तीच राहून त्यांवरच्या खुणा पुढे गेल्या असाव्यात. मात्र हायड्रोपायपर या भाऊबंद जातीत नेमके उलट घडले. ताण सोसलेल्या पालकांची रोपे कोरड्या मातीत अधिकच खुरटली. लोकप्रिय लेखांत पहिली जात हटकून येते, दुसरी क्वचितच.

याउलट कॅनबेरा येथील संशोधकांनी २०१७ साली अरॅबिडॉप्सिसवरील काम प्रसिद्ध केले. पिढ्यान् पिढ्या ताण देऊनही दुष्काळाशी संबंधित बहुतेक गुणांत फरक पडला नाही. बियांची सुप्तावस्था तेवढी वाढली, आणि ताण थांबल्यावरही ती एक पिढी टिकली. मिथिल गटांत जे बदल आढळले, ते दुष्काळामुळे झाले असे म्हणता येईना.

दोन्ही कामांना मर्यादा आहेत. सुलतान यांच्या गटाचे निष्कर्ष मुख्यतः कुंडीतील कोवळ्या रोपांवरचे आहेत. मिथिल गट काढणारे रसायन तर सगळीकडेच काम करते, त्यामुळे नेमकी कोणती खूण कारणीभूत ते कळत नाही. दुसरीकडे, एका प्रयोगशाळेतील लाडक्या रोपात स्मृती सापडली नाही म्हणून ती कोठेच नसते, असेही म्हणता येत नाही. प्राण्यांत प्रजननपेशी लवकर वेगळ्या पडतात. वनस्पतींत मात्र वाढत्या शेंड्याच्या पेशींतूनच पुढे फूल घडते, म्हणून अशी वाट वनस्पतींत अधिक संभवते. आमच्या मते आजचे प्रामाणिक उत्तर असे: काही जातींत, काही गुणांपुरते, एकदोन पिढ्या हे घडते. तो सार्वत्रिक नियम नाही आणि दरवेळी फायद्याचाही नसतो. लॅमार्क बरोबर होता, असे यावरून ठरत नाही.

हा काथ्याकूट कशासाठी? उद्या एखादा शेतकरी-पालक विचारील, ‘‘ताणात वाढलेले बी ठेवले तर पुढचे पीक काटक होईल का?’’ रब्बी ज्वारीचे मालदांडी वाण कोरडवाहू जमिनीत तग धरते. मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतूनच ‘एम ३५-१’ हे वाण निवडून काढले गेले. तेथे कामी आली ती निवड. केवळ पाणी तोडून बी सुधारत नाही. चांगली ताटे निवडावी लागतात.

शाळेत हा प्रश्न मुगावर तपासता येईल. मूग स्वपरागित आहे व दोन-अडीच महिन्यांत तयार होतो. एकाच झाडाचे बी घ्यावे, निम्म्या कुंड्यांना पुरेसे पाणी द्यावे, निम्म्यांना कमी. दोन्हींचे बी वजन करून, सारख्या वजनाचे दाणे निवडून, पुन्हा दोन्ही परिस्थितींत पेरावे. कुंड्या भरपूर असाव्यात आणि मोजणाऱ्याला कोणती कुंडी कोणाची ते ठाऊक नसावे. शिवाय आणखी एक पिढी सर्वांना सारखे पाणी देऊन घ्यावी. फरक त्यानंतरही टिकला, तरच ‘वारसा’ हा शब्द फळ्यावर लिहावा.