अल्पप्रसृत कार्यप्रणाली आणि यंत्राची निवड

संगणकाची कार्यप्रणाली आणि ती ज्यावर चालावयाची ते यंत्र, यांचा संबंध वरवर पाहता केवळ तांत्रिक सोयीचा वाटतो. ज्या यंत्राची शक्ती अधिक ते निवडावे, असा सरळ न्याय येथे लावला जातो. बहुप्रचलित प्रणालीच्या बाबतीत तो काही अंशी खपून जातो. कारण तिच्यासाठी यंत्रांचे उत्पादकच ड्रायव्हर लिहून देतात. मोजक्या वापरकर्त्यांच्या प्रणालीला हा आधार नसतो. तिने कोणता निकष मानावा, हे ठरविण्यास बीओएस या प्रणालीचा इतिहास उपयुक्त आहे.

ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या बी या कंपनीने प्रथम एटी अँड टीचा हॉबिट हा प्रोसेसर निवडला. तो गुणाने उणा नव्हता. परंतु त्याचे उत्पादनच थांबले आणि कंपनीला पॉवरपीसीकडे वळावे लागले. १९९५ च्या ऑक्टोबरात दोन पॉवरपीसी ६०३ प्रोसेसरांचा बीबॉक्स प्रकट झाला. त्याची विक्री दोन हजारांपर्यंतही पोहोचली नाही, आणि १९९७ च्या आरंभी तो बंद करण्यात आला. तोपर्यंत प्रणाली अ‍ॅपलच्या पॉवर मॅकिंटॉशवर चालू लागली होती. पण १९९६ च्या अखेरीस अ‍ॅपलने बीऐवजी नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचे ठरविले आणि तोही आश्रय डळमळला. शेवटी १९९८ मध्ये प्रणाली इंटेलच्या यंत्रांवर आली. २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता पाम कंपनीने घेतली.

या अपयशाची रूढ मीमांसा अशी की, एक उत्तम प्रणाली मक्तेदारीने मारली. तिच्यात तथ्य आहे. यंत्र-उत्पादकांशी केलेल्या करारांच्या बळावर आपली वाट अडविली गेली, असा दावा बीने मायक्रोसॉफ्टविरुद्ध २००२ मध्ये लावला. २००३ मध्ये दोष मान्य न करता मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२.५ लक्ष डॉलर देऊन तो मिटविला. तथापि ही मीमांसा अपुरी आहे. ती शेवटच्या पर्वाचा उलगडा करते, त्याआधीच्या तीन स्थित्यंतरांचा नव्हे. हॉबिट, बीबॉक्स आणि मॅकिंटॉश या तिन्ही प्रसंगी मायक्रोसॉफ्टचा हात नव्हता. प्रत्येक वेळी प्रणालीचे भवितव्य एकाच उत्पादकाच्या इच्छेवर, अथवा स्वतःच्या तोकड्या भांडवलावर टांगलेले होते.

जी-३ प्रोसेसराच्या मॅकिंटॉशचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. त्या यंत्रांची आवश्यक माहिती अ‍ॅपलकडून मिळत नाही, असे बीचे म्हणणे होते. त्यावर लिनक्स तर त्याच यंत्रांवर चालली, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खरा आहे, पण त्याने मूळ मुद्दा खोडला जात नाही, उलट दृढच होतो. माहिती नसता यंत्राचा अंतर्भाग चाचपडत शोधण्यास मनुष्यबळ लागते. विखुरलेल्या स्वयंसेवकांना हा उद्योग परवडतो. पगारी अभियंत्यांच्या लहानशा कंपनीला तो परवडत नाही.

बीओएसचा वारसा सांगणाऱ्या हैकू या प्रकल्पाने २००१ मध्ये आरंभापासूनच सर्वत्र मिळणाऱ्या इंटेल जातीच्या यंत्रांचा आश्रय केला, आणि नेटवर्कच्या उपकरणांसाठी फ्रीबीएसडीचे ड्रायव्हर एका जुळवणी-थराच्या द्वारे उपयोगात आणले. ही निवड प्रतिभेची नसून व्यवहारशहाणपणाची आहे; म्हणूनच ती प्रशंसनीय आहे. मात्र जुने बीओएस कार्यक्रम चालावेत या आग्रहाने ३२ बिटांच्या आवृत्तीत जीसीसीची कालबाह्य दुसरी मालिका जपावी लागली, आणि पहिली बीटा आवृत्ती निघण्यास २०१८ साल उजाडले. विलंबास कारणे अनेक असतील. तरी भूतकाळाशी इमान राखण्याचे मोल त्यांतील एक होय, हे नाकारता येत नाही. उलट, २०२१ मध्ये रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या यंत्रांवर ही प्रणाली चालविली गेली, यावरून पायाभूत लेखन एका यंत्राला जखडलेले नाही, हे सिद्ध होते.

तात्पर्य, अल्पप्रसृत प्रणालीने यंत्राची शक्ती पाहण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : यंत्राची माहिती खुली आहे काय, त्याचे उत्पादक एकाहून अधिक आहेत काय, आणि ते उद्या नाहीसे झाल्यास दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी आहे काय. बीने वेगाची आणि नावीन्याची परीक्षा उत्तम केली. परावलंबनाची परीक्षा तिच्याकडून राहून गेली.