सोडवणूक कोणाची?

आमच्या पिढीतील मुलांनी कपाळाला लाल फडके बांधून ज्याची नक्कल केली, तो रॅम्बो १९८५ च्या 'रॅम्बो : फर्स्ट ब्लड पार्ट टू' या चित्रपटातला. त्याच्या आधीचा रॅम्बो फारसा कोणाच्या लक्षात नाही. खरे तर लक्षात ठेवावा असा तोच होता.

डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२ च्या कादंबरीवरून टेड कॉचेफ यांनी १९८२ साली 'फर्स्ट ब्लड' काढला. व्हिएतनामहून परतलेला जवान लढाईतल्या जुन्या सोबत्याला शोधत येतो. दारातच कळते, की तो कर्करोगाने गेला. युद्धात फवारलेल्या विषारी रसायनाने त्याचा घात केला. पुढच्या गावात पोलीसप्रमुख या जवानाला भटक्या ठरवून डांबतो, आणि मग डोंगरात पाठलाग सुरू होतो. एवढ्या धुमश्चक्रीत पडद्यावर मरतो तो एकच माणूस. अखेरीस हा आडदांड गडी आपल्या कर्नलपुढे लहान मुलासारखा रडतो. युद्धात लाखमोलाची यंत्रे सांभाळणाऱ्याला मायदेशी साधी मोटारी लावण्याची नोकरीही मिळत नाही, हे त्याचे दुःख. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉशिंग्टनमध्ये मृत सैनिकांच्या नावांची काळी भिंत उभी राहिली. जे जिवंत परतले त्यांचे काय, हा प्रश्न या चित्रपटाने विचारला होता.

दुसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक जॉर्ज कोस्मातोस. पटकथा सिल्व्हेस्टर स्टॅलन आणि जेम्स कॅमेरॉन यांची. तुरुंगात खडी फोडणाऱ्या रॅम्बोला माफीचे आश्वासन देऊन व्हिएतनामला धाडतात. तेथे अमेरिकन युद्धकैदी उरले आहेत का, याची नुसती छायाचित्रे काढायची. तो कैद्यालाच घेऊन येतो, आणि वरचा अधिकारी डोक्यावर आलेले हेलिकॉप्टर माघारी बोलावतो. हा प्रसंग काळजात घुसतो. जॅक कार्डिफ यांचा कॅमेरा आणि जेरी गोल्डस्मिथ यांचे संगीत अव्वल दर्जाचे आहे, हेही मान्य केले पाहिजे. त्यानंतर मात्र नुसता संहार. मरणाऱ्यांची गणती ठेवणे प्रेक्षकही सोडून देतो.

आक्षेप केवळ रक्तपाताला नाही. ज्याची सोडवणूक व्हायला हवी होती, त्यालाच दुसऱ्यांना सोडवायला पाठवून चित्रपटाने आपली सुटका करून घेतली, हा खरा आक्षेप आहे. समाजाने सैनिकाचे जे देणे लागत होते, ते फेडण्याऐवजी त्याच्या हाती पुन्हा बंदूक दिली, आणि हरलेले युद्ध पडद्यावर जिंकून घेतले.

इतिहास काय सांगतो? १९७३ च्या पॅरिस करारानंतर ५९१ अमेरिकन कैदी परतले. बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांचे दुःख खरेच होते. परंतु कोणी जिवंत कैदेत असल्याचा ठोस पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकन सिनेटच्या समितीने १९९३ साली काढला. त्याआधी आठ वर्षे चित्रपटाने मात्र शंकेची खात्री करून टाकली होती. जून १९८५ मध्ये बैरुतमधील ओलिसांची सुटका झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी, रॅम्बो पाहिल्यामुळे पुढच्या वेळी काय करायचे ते कळले, असा विनोद केला. पडद्यावरची नशा किती वर चढते, ते यातून दिसते.

आणि व्हिएतनामी माणसे? त्यांच्यापैकी मन उघडे करते ती एकटी को बाओ. मला अमेरिकेला ने, असे ती म्हणते आणि काही क्षणांतच गोळीला बळी पडते.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. आपल्या मुलखात पेन्शनीवर आलेला फौजी कोणाला नवा? कोणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो, कोणी शेताच्या बांधावर, तर कोणी कागदपत्रांची पिशवी घेऊन कचेरीत. त्याला दुसऱ्या रॅम्बोत आपले काहीच सापडणार नाही. पहिल्यातले रडणे मात्र कळेल.

दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस कर्नल विचारतो, आता जगणार कसा? दिवसामागून दिवस, असे सांगून रॅम्बो चालू लागतो. चित्रपट खरा इथून सुरू व्हायला हवा होता. पण नेमका इथेच पडदा पडतो.